आईंनी उठायचं नाही

बिनझाकणाचे डबे आणि बिनडब्याची झाकणं कुठून गोळा होतात, हे कुठल्याच घरात कुणाला सांगता येत नाही. आमच्या किचनच्या किश्श्यांचंही तसंच. सुरुवात तेवढी आठवते. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "ओट्यापाशी उभं राहायचं नाही, नाहीतर गुडघा परत बिघडेल." आईंनी मला शब्द दिला, "तुज्या किचनात पाय ठेवनार नाय." झालं, रोडपालीच्या आमच्या फ्लॅटचं किचन माझ्या हातात आलं. त्यांना उठावंसंच वाटू नये, इतकं व्यवस्थित चालवायचं होतं. मी बी.कॉम. आहे. वाटलं, जमेल.

•

पहिल्याच दिवशी डबे बाराखडीप्रमाणे लावले. साखर, साबुदाणा, सुकट. शोधायला सोपं! सुकटीचं झाकण सैल होतं, हे संकष्टीला साबुदाण्याची खिचडी झाल्यावर कळलं.

आईंना बेडवरच वास गेला. "पोरी, आज उपास हाय का म्हावरं?"

त्या उठायला लागल्या. मी घाबरून म्हटलं, "नका उठू आई, टाकून देते."

"टाकतेस कशाला? उद्या खाऊ."

•

मग एका व्हिडिओत बघून आठवड्याचं वाटण करून ठेवलं. लसूण, मिरची, कोथिंबीर. बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीजरला. पप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यातलेच दोन तुकडे कोकम सरबतात टाकले. मी दारात उभी. सांगावं की नको, तेच सुचेना. तोवर त्यांनी ग्लास संपवला.

"बरा हाय," म्हणाले. "पन यात कोलंबी कवा टाकायची?"

•

मोबाईलवर अलार्म लावून बघितले. सगळ्यांना नाव एकच दिलं होतं, "बंद कर." वाजला की मी दचकायची आणि काय बंद करायचं तेच आठवायचं नाही. एकदा गॅस, मिक्सर, पाण्याची मोटर आणि गीझर, सगळं बंद केलं. बाथरूममधून नवरा ओरडला, "आता अलार्मच बंद कर!"

•

शिट्ट्यांचा घोळ वेगळाच. मी मोजायची, पण त्यातल्या निम्म्या वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या असायच्या. डाळ कच्चीच. आई आतून म्हणाल्या, "आपला कुकर आदी खोकतो, मंग शिट्टी मारतो." तेव्हापासून मी सगळ्या बिल्डिंगचा खोकला ऐकते.

•

मग एक दिवस गव्हाणच्या आत्याबाई, आईंच्या नणंद, तब्येत बघायला येणार होत्या. तांदळाच्या भाकऱ्या हव्यातच. माझ्या तर परातीतच फाटतात. आईंना उठू द्यायचं नाही म्हणून मी बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल ओट्यावर टेकवून ठेवला.

"दाब. आता फिरव. अगो हलक्या हातानं, भाकर हाय ती, पापड नाय."

पुढची फाटली. त्याच्या पुढचीही. मग सूचना थांबल्या. बघते तर स्क्रीनवर नुसती उशी!

बेडरूममध्ये धावले. आई नाहीत. वॉकर नाही. बाहेरचं दार उघडं आणि समोरच्या फ्लॅटचंही. आत डायनिंग टेबलावर परात. आई खुर्चीत बसून भाकऱ्या थापतायत आणि समोरच्या वहिनी तव्यावर शेकतायत.

मी दारातूनच म्हटलं, "आई, तुम्ही शब्द..."

"तुज्या किचनात पाय ठेवला का मी?" त्यांनी पुढचा गोळा उचलला.

एवढ्यात लिफ्ट थांबली आणि आत्याबाईंचा आवाज आला.

आईंनी भाकऱ्यांचा डबा माझ्या हातात कोंबला. "जा, त्यांना वाढ. आनि सांग, मी झोपलेय."