कूलर नसलेला नकाशा

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या प्रफुल मुंधडाने घरचं कापडाचं दुकान भावावर सोडलं आणि घरांचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम लिहायला घेतले. १९९७ साली लिहिलेला पहिला प्रोग्राम खिडकीबाहेर कूलर ठेवायची जागा काढून द्यायचा. वर्ध्यात कूलरवाचून घर बांधतो कोण? पण त्या दीडशहाण्या सॉफ्टवेअरात कूलरच नव्हता. दर दोन वर्षांनी नवी आवृत्ती यायची, प्रफुलचा प्रोग्राम बंद पाडायची, आणि तो शिव्या घालत पुन्हा लिहायचा. बदल्यात कंपनीने दिलं काय, तर आधी बर्फ न साचणारं छप्पर, मग बाथटब, आणि २००६ साली दिवाणखान्यातल्या शेकोटीचे बारा नमुने.

ती आवृत्ती खपवायला नागपूरचा विक्रेता ऐन मे महिन्यात आला. पडद्यावर पहिली शेकोटी दाखवता दाखवता त्याने आपली खुर्ची हळूच कूलरसमोर सरकवली. प्रफुलने उठून कूलर बंद केला.

"काऊन बंद केला, भाऊ?" विक्रेत्याने घाम पुसत विचारलं.

"तुमच्या सॉफ्टवेअरात कूलर नाई न," प्रफुल म्हणाला. "आता बाकीच्या अकरा शेकोट्या दाखवा."