हर्षिताची मंगलाष्टकं

जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात साड्यांच्या एका मोठ्या दुकानात रघुजीराव शालूंच्या विभागात बसत. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातच राहिलेलं. घरात मराठी बोलत, पण दर तिसरा शब्द कन्नड. शाळाही कन्नडच. मराठी लिहायला ते शिकले आजोबांकडून, आणि शिकल्यावर त्यांना राहवेना. समाजात कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं रघुजीरावांची. डोहाळजेवणाची गाणी, नव्या सुनांचे उखाणे, गणपतीतलं प्रहसन, निवृत्तीच्या समारंभातलं भाषण, सगळं तेच लिहीत. शालू दाखवता दाखवता नवरीचं नाव विचारायचे आणि चहा यायच्या आत दोन ओळी तयार.

त्यांची मुलगी हर्षिता हे लहानपणापासून पाहत आली होती. तिचं लग्न आनेकलच्या कार्तिकशी ठरलं, तेव्हा रघुजीराव जेवता जेवता म्हणाले, "पुट्टी, तुझ्या मंगलाष्टकांना तर मी जीव ओतणार बघ."

"अप्पा, एक सांगू? रागावू नका."

"सांग की."

"तुमच्या अष्टकांतली प्रत्येक नवरी लक्ष्मी असते, मितभाषी असते, आणि दोन्ही कुळं उजळते. नाव तेवढं बदलतं. माझ्यावर लिहायचं तर माझ्यावर लिहा. नाही तर भटजी म्हणतील ती चालतील मला."

सकवारबाईंनी नवऱ्याच्या ताटात आणखी भात वाढला. "खरं आहे तिचं," त्या म्हणाल्या. "आपल्या लग्नात सासऱ्यांनी म्हटली होती, त्यातही मी मितभाषीच होते."

रघुजीरावांना हसू आलं, पण गोष्ट लागली. मुलीला ते नखशिखान्त ओळखत होते, मग अडचण कसली? लिहायला बसल्यावर कळलं. शार्दूलविक्रीडित त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की पेन टेकवलं की 'सुकुमार' आणि 'गुणवती' आपोआप येऊन बसत. वृत्त सोडून ओवी करून पाहिली, ती जात्यावरची वाटायला लागली. पोवाडा करून पाहिला, तर हर्षिता घोड्यावर बसली. मुक्तछंद लिहिला आणि सकवारबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "हे तर दुकानातल्या निरोपसमारंभासारखं झालं."

मग त्यांनी लिहिणं थांबवलं आणि नुसतं तिच्याकडे पाहायला सुरुवात केली. आंघोळीला जाताना ती कुणाशी भांडते, ऑटोवाल्याला कन्नडमध्ये कशी झापते, फोनवर कार्तिकशी बोलताना खिडकीच्या गजाला कशी लोंबकळते. तिच्या आयुष्यातली मोठी गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक होती. सीएच्या परीक्षेत ती एकदा नाही, तीनदा नापास झाली. दर खेपेला दोन दिवस उशीत तोंड खुपसून पडायची आणि तिसऱ्या दिवशी उठून पुस्तक उघडायची. रघुजीराव तेव्हा तिला काहीच बोलू शकले नव्हते. जगाला शब्द पुरवणारा माणूस, पण मुलीपुढे दूध घेऊन नुसता उभा राही.

आणि एका दुपारी, गिऱ्हाइकाचा शालू घडी घालताना, ओळी सुचल्या. 'मोठ्याने हसते, चिडून बसते, गाडी जुनी हाकते.' वृत्तात चपखल! त्यामागून दुसरी आली, 'सीएला पडली, तरी न अडली, चौथ्यात ती जिंकली.' रघुजीरावांनी हातातला शालू खाली ठेवला. डोळे भरून आले होते, आणि शालू महाग होता.

घरी हर्षिताने ओळी वाचल्या आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

पण लग्नाच्या आदल्या दिवशी तिचे मामा प्रतापराव आले. त्यांनी कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला. "रघुजीराव, मांडवात 'पडली'? सासरची माणसं पुढ्यात बसलेली, आणि आपण मुलीचं नापास होणं गाऊन दाखवायचं? अपशकुन हो."

रघुजीरावांनी कागद परत घेतला. मेहुण्यांचं वय मोठं, आणि मनातली भीतीही तीच. त्यांनी ती ओळ खोडून 'विद्येने सजली' अशी एक गुळगुळीत ओळ घातली. हर्षिताला सांगितलं नाही.

मुहूर्तावर अंतरपाट धरला. मुलीमागे प्रतापराव उभे, समोर कार्तिक. रघुजीरावांनी माइक घेतला. जुन्या गाडीच्या ओळीला मंडप हसला, कार्तिक सर्वांत जास्त. मग त्यांनी सुरुवात केली, "विद्येने सजली..."

"अप्पा!" अंतरपाटाआडून आवाज आला. "ते नाही. आपलं म्हणा."

रघुजीराव थांबले. गाणं थांबलं म्हणजे संपलं, असं आनेकलकडच्या पाहुण्यांना वाटलं आणि त्यांनी भराभर अक्षता टाकल्या. मागोमाग सगळा मंडप. वाजंत्रीवाल्यांनीही ठोकायला घेतलं. भटजी दोन्ही हात वर करून ओरडत होते, "स्वल्प थांबा हो, स्वल्प!" त्या गोंधळात, डोक्यावर तांदूळ घेऊन, रघुजीरावांनी गळा मोकळा सोडला आणि खोडलेली ओळ म्हटली. आवाज पुरता फाटला, पण 'जिंकली' शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मराठी नीट न कळणाऱ्या कार्तिकच्या आईने शेजारणीकडून अर्थ विचारून घेतला आणि उरलेल्या अक्षता मुठीने नेम धरून सुनेवरच टाकल्या.

जेवणाच्या पंगतीत प्रतापराव जवळ येऊन बसले. "पडली वगैरे काही ऐकू आलं नाही मला," ते पानाकडे बघत म्हणाले. "अक्षतांचा आवाज फार होता." मग थोड्या वेळाने, "पण चाल बरोबर बसली हं."

तेव्हापासून रघुजीराव चहा यायच्या आत ओळी देत नाहीत. परवा महादेवपुऱ्यात नोकरी करणारी सिद्धी नावाची नागपूरची मुलगी मैत्रिणींबरोबर शालू घ्यायला आली. मराठी ऐकून खूश झाली आणि कुणीतरी सांगितलं होतं म्हणून अष्टकंच मागून बसली. "काका, लगेच होईल ना? साधारण तीनशे शब्द वगैरे?"

"आधी बस," रघुजीराव म्हणाले. "मुलाशी शेवटचं भांडण कशावरून झालं?"

सिद्धी मैत्रिणींकडे बघून लाजली. "पोह्यांवरून. तो त्यात साखर घालतो, काका."

"सरी, बरं," असं म्हणून रघुजीरावांनी शालूंचा ढीग बाजूला सारला आणि ते तिच्याकडे नीट वळून बसले.