मोकळा आकडा

ऑफिसात तिला सगळे एंटरबाई म्हणत, तेही तोंडावर. लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस यादी करायला बसला की कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं, हे ठरवणं तिचं काम. असल्या कामाला पगार मिळतो हे तिच्या आत्याला अजून पटलेलं नाही. पण यादी संपली हे यंत्राला कळावं कसं? रिकाम्या आकड्यापुढे माणसानं पुन्हा एंटर दाबलं, की आकड्यानं गुपचूप निघून जायचं. ओळीच्या सुरुवातीला बॅकस्पेस दाबलं तर आधी नुसता आकडा जावा, मजकूर जागच्या जागी राहावा. हे जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि चुकलं तर लोक शिव्यांची लाखोली वाहतात.

तिचा सगळ्यात लाडका नियम अगदी साधा होता. यादीतला दुसरा मुद्दा खोडला, की तिसऱ्यानं आपोआप दुसरं व्हायचं. मध्ये भोक ठेवायचं नाही.

थोरली बहीण गेल्यानंतर थोड्याच दिवसांत नेमकी याच नियमावर बैठक बसली. एका वकिलांच्या ऑफिसची तक्रार होती. करारातलं चौथं कलम रद्द केलं, तरी पाचवं पाचवंच राहायला हवं, कारण बाकीच्या कागदांत त्याचा उल्लेख पाचवं म्हणूनच झालेला असतो. एरवी ती यावर हमरीतुमरीवर आली असती. त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

सॉफ्टवेअर तपासून बघणारा टेस्टर चपापला. "एंटरबाई, बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे की."

ते खोटं नव्हतं. तिला काही होतच नव्हतं. थोरली गेली तेव्हाही डोळ्याला पाणी आलं नव्हतं. जेवायला बसली की जेवायची, बाकीचे हसले की हसायची. काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. वकिलांसाठी वेगळी सोय करून द्यायचं ठरलं: मुद्दा खोडला तरी आकडा तसाच मोकळा राहील. तिनं ती निमूटपणे आखून दिली.

घरात मात्र तिचा जुना नियम कुणी न शिकवता लागू झाला होता. थोरली, मधली, धाकटी अशाच हाका त्या घरात चालायच्या; ती मधली. खरी नावं शाळेच्या दाखल्यापुरती. आत्या पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "आता तूच थोरली हो, बाई." मग धाकटीही फोनवर म्हणायला लागली, "थोरले, आईच्या गोळ्यांचं काय करायचं?" ती ओ देत राहिली. आई तेवढी तिला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. "अगं", "ऐक ना" यांवर भागवत होती. एका गोष्टीची मात्र तिला मनातून धास्ती होती. आईनंही थोरली म्हटलं, की मग ते कायमचं झालं.

रविवारी आईचा पलंग खिडकीपाशी सरकवायचा होता. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला धाकटी. आई खुर्चीत बसून हुकूम सोडत होती.

"मधले, तुझ्याकडची बाजू जरा वर घे."

धाकटी म्हणाली, "आई, मधली कुठली आता? दोघींत कुणी मधली असते का?"

"दोघी कोण?" आईचा आवाज चढला. "मला तिघी झाल्या. एक गेली म्हणून तुम्ही दोघी होत नाही. थोरली माझी गेली. हिला कशाला ढकलता तिच्या जागी? ही मधली आहे."

मधलीनं पलंग हळूच खाली टेकवला. धाकटी घाबरून म्हणाली, "मधले, पाय सापडला का गं?" तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि तिथंच, जमिनीवर बसून, मोठ्यानं रडायला लागली.