वहिनींचं बरोबर आहे

दर रविवारी दुपारी मनुरेवा या उपनगरातल्या त्या घराच्या दाराशी बुटांचा आणि जँडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, ढीग पडायचा आणि आत भांडण जुंपायचं. नितीश, समीर, रमण. तिघंही पुण्याहून या परदेशात आलेले, तिघंही पेनरोजच्या एकाच कारखान्यात इंजिनिअर, आणि तिघंही अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल टीमचे भक्त. ही भक्ती नितीशने आणलेली. इथे येण्याआधी कंपनीने त्याला अमेरिकेतल्या एका गोठलेल्या शहरात पाठवलं होतं. तिथून तो एक जाडजूड कोट आणि ही टीम घेऊन परतला. कोट इकडे कधी लागला नाही, टीम मात्र जन्माची चिकटली.

टीम हरायची. पण टीव्हीवरची मॅच संपली की बैठकीतली सुरू व्हायची. कोणाला काढायचं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचं, ड्राफ्टमध्ये कॉलेजचा कुठला पोरगा उचलायचा! जी टीम तळाला जाते तिला नवी पोरं सहसा आधी निवडायला मिळतात, असा त्या लीगचा नियम; निवडीच्या त्या पाळीला तिघं पिक म्हणत.

"म्हणजे नापास होणाऱ्याचा पहिला नंबर," नितीशची बायको कांचन कांदा चिरता चिरता म्हणायची.

"म्हणून तर नित्याला ही टीम आवडते, वहिनी!" रमणचा आवाज शेजारच्यांच्या कुंपणापलीकडे जायचा. "अरे गाढवा, त्या पोराला डावा हात शोभेपुरता दिलाय देवाने. त्याच्यावर पिक घालवतोस?"

"तू तुझ्या लग्नात पिक घालवलास, तेव्हा मी काही बोललो?" हा नितीश.

कांचनचं डोकं उठायचं. आठवडाभर केमिस्टच्या दुकानात उभं राहून लोकांची दुखणी ऐकायची, गोळ्या मोजायच्या, आणि रविवारी घरात हा बाजार. "पुढच्या जन्मी मुका नवरा दे रे देवा," असं ती लेकीला, श्रियाला, फोनवर सांगायची. श्रिया टौरंगाहून हसायची.

गेल्या ऑगस्टमध्ये नितीश कामावरून येताना गेला. छातीत कळ आली तेव्हा त्याने मोटरवेच्या कडेला गाडी नीट थांबवली, हॅझर्ड लाइट लावले आणि मग गेला. पोलिसांनी ते आवर्जून सांगितलं. कुणालाही धक्का लागला नाही, म्हणाले.

समीर आणि रमणने सगळं केलं. विमानतळावरून माणसं आणणं, डबे, लॉनची कापणी. मोसम सुरू झाला तसे एका रविवारी दोघं दारात उभे राहिले. "वहिनी, येत जाऊ ना आम्ही? नित्याला बरं वाटेल." कांचनने मान हलवली आणि आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली, कारण तिलाच बरं वाटलं होतं.

पण ते आले ते पाहुण्यांसारखे. नितीशच्या खुर्चीत कुणी बसेना. खायचं आणू नका म्हटलं तरी कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे छोट्या किराणा दुकानातून, पाय नावाच्या भरल्या पेस्ट्र्या आणायचे, कप स्वतः विसळायचे. आणि बोलायचे हळू, वॉर्डात पेशंट झोपलेला असावा तसे. "मला वाटतं, त्या गार्डला घ्यावं." "हं. बघू या." गाढव नाही, शिवी नाही. स्वयंपाकघरात कांचन हातातलं काम थांबवून कान द्यायची. भिंतीपलीकडून नुसती कुजबुज. आठवड्यातून एकदा तरी हे घर पूर्वीसारखं दणाणावं, एवढंच तिला हवं होतं. ते कुणाकडे आणि कसं मागायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

मग तिने तो खेळ शिकायला घेतला. लंचच्या वेळी दुकानाच्या मागच्या खोलीत कानात इअरफोनचे बोळे घालून अमेरिकन लोकांचे वाद ऐकायची. हळूहळू कळू लागलं. टीममध्ये बास्केटखाली खेळणारा एक म्हातारा सेंटर होता. पस्तिशी उलटलेला, गुडघ्याला पट्टा. तिघं त्याला आजोबा म्हणत. नितीशचा तो लाडका, आणि त्याच्यापायी नितीशने रमणच्या सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या होत्या.

ड्राफ्टच्या आधीच्या रविवारी कांचन चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि आत गेलीच नाही. तिथेच सोफ्याच्या कडेवर बसली.

"मी काय म्हणते, या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा, दोन्ही पिक देऊन टाकावेत. आणि आजोबांच्या जोडीला असाच दुसरा एक अनुभवी सेंटर आणावा."

इतका मूर्खपणाचा विचार तिने आठवडाभर खपून शोधला होता. तळातली टीम, त्यात दोन म्हातारे आणि पुढे अंधार. नितीश असं बोलला असता तर रमणने त्याला उशीने बडवला असता. ती रमणकडे बघत राहिली.

रमणने चहाचा घोट घेतला. "वहिनींचा मुद्दा आहे हं," तो म्हणाला.

"खरंय," समीर म्हणाला. "अनुभव महत्त्वाचा. बरोबर आहे वहिनींचं."

"कसलं बरोबर?" कांचनचा आवाज चढला. "पुढची चार वर्षं कुणाला खेळवणार मग? आजोबांच्या गुडघ्याला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रमण अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तेही बरोबर आहे."

समीरने घसा खाकरला. "वहिनी, आम्ही बोलत होतो... तुमची दर रविवारी फार दगदग होते. सुखदा पण म्हणाली मला. तर आता माझ्याकडे जमू. गुरुवारी ड्राफ्टसाठी आम्ही रजाच टाकलीय. तुम्हीही या ना, सुखदाला सोबत होईल."

सोबत, म्हणजे समीरच्या बायकोला स्वयंपाकघरात. कांचनला म्हणायचं होतं, नका रे जाऊ. तोंडून निघालं, "बरंच झालं. मलाही रविवारी हीप्स, ढीगभर कामं साचतात."

"आई, जस्ट टेल देम!" श्रिया फोनवर वैतागली. "दे थिंक यू हेट द नॉइज. यू ऑलवेज सेड सो!"

"असं सांगत नाहीत गं," कांचन म्हणाली. वर्षानुवर्षं त्यांच्यादेखत कपाळाला बाम चोळलेला, आता कुठल्या तोंडाने सांगायचं?

गुरुवारी तिची सुट्टी होती. बाहेर जूनचा, इथल्या हिवाळ्यातला गार पाऊस. दुपारी तिने टीव्ही लावला. टीमने एक लांबडा, लाजरा पोरगा उचलला. थोड्या वेळाने पडद्याखाली पट्टी सरकली. आजोबांना दुसऱ्या शहरात धाडलं होतं. कांचनने ती पट्टी दोनदा वाचली आणि विचार करायच्या आत समीरचा नंबर लावला.

फोन उचलला गेला आणि तो आवाज आला. पूर्ण, दणदणीत. "अरे अक्कल गहाण टाकली काय यांनी! त्या काडीपैलवानासाठी आजोबा?" रमण. कसलीशी बशी आपटली. सुखदा ओरडत होती, समीर हसत होता. कांचनने फोन कानाला दाबला.

"हॅलो, कोण? वहिनी!" आणि मग फोनपासून दूर, दबक्या आवाजात, "ए, हळू. वहिनी आहेत."

बटण दाबल्यासारखं सगळं बंद झालं.

"बोला वहिनी. सगळं ठीक ना?"

"हो. आजोबा गेले, म्हणून केला."

"हो ना, वाईट झालं. नित्याला आवडलं नसतं."

"समीर, त्यांना गप्प करू नकोस रे. चालू दे."

"नाही नाही, वहिनी, तसं काही नाही. बोला ना तुम्ही."

पलीकडे तिघं श्वास धरून थांबले होते. तिने आधी ठेवल्याशिवाय समीर फोन ठेवणार नव्हता. तसा तो कधीच ठेवत नसे. त्या घरात भांडण पुन्हा सुरू व्हायचं तर तिलाच फोन बंद करायला हवा होता.

"बरं, ठेवते," ती म्हणाली, आणि तिने ठेवला.