न दिसणाऱ्या कणाचं बारसं

भाईंदरला राहायला आल्यापासून धुळीशी माझा संबंध एवढाच होता की बायको केर काढायला आली की मी पाय वर घ्यायचो. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर मी धुळीचा अभ्यास करतोय असं जाहीर केलं, तेव्हा तिला वाटलं मी तिचीच चेष्टा करतोय.

पण अभ्यास खरा होता. एक यान धूमकेतूच्या जवळून जाऊन त्याची धूळ पृथ्वीवर घेऊन आलं होतं. यानावरच्या जाळीच्या एका अंगाला लागली ती धूमकेतूची धूळ. ती भरपूर होती, म्हणून शास्त्रज्ञांनी स्वतःकडे ठेवली. दुसऱ्या अंगाला लागली असावी ती ताऱ्यांच्या मधल्या पोकळीतून वाहत आलेली, आणि ती इतकी थोडी की शोधणार कोण? तेव्हा त्यांनी त्या बाजूचे सूक्ष्मदर्शकातले फोटो इंटरनेटवर टाकले आणि जगभरच्या हौशी लोकांना म्हणाले, शोधा. आधी एक छोटी परीक्षा द्यावी लागायची. त्या परीक्षेत मी आधी नापास झालो, मग पास झालो, आणि पेढे आणले. अकरावी सायन्सला असलेली माझी मुलगी म्हणाली, बाबा, हे माझ्या प्रॅक्टिकलपेक्षा सोपं आहे, यावर पेढे नसतात.

धूळ पकडायला त्या लोकांनी गोठलेल्या धुरासारखा एक पदार्थ वापरला होता. कण त्यात शिरला की मागे गाजराच्या आकाराचं भोक राहायचं. मी फोटोचा फोकस वरखाली करत गाजर शोधायचो. ऑफिसातून आलो की गाजर, रविवारी जेवलो की गाजर. शेजारच्या गुजराती भाभी साखर मागायला आल्या, तेव्हा बायकोनं त्यांना ‘वो काम कर रहे हैं’ असं सांगितलं आणि दार थोडं लोटून घेतलं.

एका रविवारी दुपारी गाजर दिसलं.

मधूनमधून ते लोक मुद्दाम खोटे फोटो घुसवायचे, आणि आपण क्लिक केलं की ‘हा आमचाच होता, शाबास’ असं सांगायचे. या खेपेला तसं काही आलं नाही. म्हणजे कण खरा. मी खुर्चीवरून उठलो तो पंख्याला हात लागता लागता वाचला. आणि त्यांचा नियम असा, की ज्याला पहिल्यांदा कण सापडेल त्यानं त्याला नाव द्यायचं.

हे मी फोनवर ताईला सांगितलं, आणि तिथून पुढे काही माझ्या हातात राहिलं नाही.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, भाईंदर पश्चिमेला राहणारी. मी तिचा एकुलता भाऊ आणि मला एकुलती मुलगी, म्हणजे तिला आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायची संधी आयुष्यात एकदाच मिळणार होती. नेमक्या त्या आठवड्यात तिला कांजिण्या निघाल्या. नाव शेजारणीनं सांगितलं, तेही आम्ही ठरवलेलं. ताईनं ठरवलेलं होतं इंदुमती. तेव्हापासून दर गणपतीत, दर दिवाळीत, आणि एकदा तर वेताळाच्या गोष्टीसारखं कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत तिनं तो विषय खांद्यावर घेतलाय. हसत काढते, पण काढते.

“नाव मी ठेवणार,” ती फोनवर म्हणाली. “आत्याचा मान आहे.”

मी म्हटलं, अगं ताई, तो कण आहे, त्याची अजून तपासणी व्हायचीय. ती म्हणाली, तुझ्या मुलीची तरी कुठे झाली होती?

बाराव्या दिवशी ती रिक्षानं आली. बरोबर घुगऱ्यांचा डबा, झबलं आणि सोनेरी टिकल्यांचं टोपडं. टोपडं तिनं मॉनिटरच्या एका कोपऱ्यावर चढवलं. मी गाजराचा फोटो स्क्रीनवर आणला. बायकोनं मॉनिटरला कुंकू लावलं. ते अजून पुसलं गेलं नाही. मजल्यावरच्या बायका आल्या. बारसं कुणाचं हे आम्ही भाभींना हिंदीतून समजावून सांगितलं आणि त्यांनी विचारलं, लडका या लडकी?

मग प्रश्न आला कानाचा. ताईनं कंप्युटरला चोहोबाजूंनी न्याहाळलं. मुलगी म्हणाली, आत्या, माइक कान असतो. तो बिघडला होता, पण मी बोललो नाही. ताई वाकली, माइकला तोंड लावून ‘कुर्रर्र’ म्हणाली आणि नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ताई वर आली ती डोळे पुसत, आणि हसून हसून की कशानं, हे मी विचारलं नाही.

“डोळ्याला दिसत नाही एवढी पोरगी,” बायको म्हणाली, “आणि नाव इंदुमती.”

“घरी इंदू म्हणा,” ताई म्हणाली.

घुगऱ्या सगळ्या मजल्यावर वाटल्या गेल्या.

मग त्या शास्त्रज्ञांच्या चर्चेच्या पानावर मी अभिमानानं फोटोचा नंबर टाकला, आणि कुणा भल्या माणसानं कळवलं की हे गाजर नाही, पृष्ठभागाला गेलेली चीर आहे. मुलीला म्हटलं, तू सांग आत्याला. ती म्हणाली, माझी टेस्ट आहे. बायको म्हणाली, बारसं तुम्ही केलंत.

मी पश्चिमेला गेलो. सगळा जिना पाठांतर करत चढलो. ताई पेपर वाचत बसली होती. त्याच दिवसांत प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं होतं. तो फार लहान, फार लांबचा, म्हणून बुटक्या ग्रहांत बसवला होता. मी म्हटलं, ताई, इंदू कण नाही. भेग आहे.

तिनं पेपर खाली ठेवला.

“प्लूटोचं ग्रहपण काढलं,” ती म्हणाली. “नाव काढलं का?”

नाही म्हटलं.

“मग झालं तर. इंदूचंही राहू दे.” आणि उठून चहा ठेवायला गेली. आतून विचारलंन, भेग आहे म्हणजे वाढेल ना रे जरा?