दाराच्या कडेवरचे सात ठिपके

पांढरा म्हणजे पांढराच, त्यात काय जुळवायचं, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर माझं डोकं फिरतं. भंडाऱ्याजवळ कारध्याला पुलाशी माझं गाड्या रंगवायचं दुकान आहे. कंपनीचा पांढरा दाराच्या आतल्या बाजूला तसाच राहतो, बाहेरचा मात्र उन्हाने दरवर्षी थोडा पिवळा पडतो. नवखा रंगारी नंबर बघून डबा आणतो आणि खपली उडालेल्या जागी चुन्याचं बोट पुसल्यासारखा डाग करून ठेवतो. मी पिवळ्याचा एक थेंब घालतो, काळ्याचा जेमतेम अर्धा. मग दाराच्या आतल्या, अगदी खालच्या कडेला एक ठिपका देतो, सुकू देतो आणि सावलीत बाहेरच्या पत्र्याशी ताडून बघतो. माझा टचअप आजवर कुणाला सापडलेला नाही. ही फुशारकी मी आता मारत नाही, पण तेव्हा मारायचो.

बाबांची पिकअप पांढरीच होती. लाखांदूरकडच्या आमच्या गावातून ते धानाची पोती भरून भंडाऱ्याला यायचे. मी शेती सोडून या धंद्यात आलो तेव्हा पोरगा लोकांच्या गाड्यांना पोतारे फासतो म्हणून त्यांनी गावभर सांगितलं होतं. दुकानाची पायरी कधी चढले नव्हते. एक दिवस स्वतःहून आले. पिकअपच्या मडगार्डचा रंग बोटभर उडाला होता.

"जरासं घासलं," ते म्हणाले. "तुह्या दादाले दिसू नाही पायजे. तो चाबीच काढून घेईन."

दादा घरची शेती बघायचा आणि पोती चढवायला-उतरवायला बाबांसोबत गाडीत बसायचा. गाडीवर आणखी एक ओरखडा दिसला तर बाबांना चालवू देणार नाही, असं त्याने बजावलं होतं. मी रेजमालच्या खरखरीत कागदाने कड घासली, पुट्टी भरली, रंग जुळवला. बाबांनी मडगार्डवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कारागीर झालास रे तू."

त्या एका वाक्यासाठी मी वीस वर्षं थांबलो होतो. मी पार विरघळलो.

नंतर चार वर्षं ते येतच राहिले. कधी बंपरचा कोपरा, कधी दाराची कड, कधी पुन्हा तेच मडगार्ड. दरवेळी क्लीनर साइड, म्हणजे ड्रायव्हरची डावी बाजू. एकच बाजू सारखी खरचटते त्याचा अर्थ आमच्या धंद्यात कुणालाही कळतो, मलाही कळला. चौथ्या वेळी मी विचारलंसुद्धा, "बाबा, डाव्या डोळ्यानं बरोबर दिसते ना?"

"काहून नाही दिसत? तू रंग लाव."

मी रंग लावला. मोतीबिंदू असणार हे मला कळत होतं. त्याचं ऑपरेशन ही काही मोठी गोष्ट नव्हती, दुसऱ्या दिवशी घरी आले असते. दादाला एक फोन केला असता तरी पुरलं असतं. पण मग बाबा माझ्याकडे आले नसते. हे कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

धान कापणीच्या दिवसांत, सकाळच्या लख्ख उजेडात, लाखांदूर रोडला कडेला उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला गाडी डाव्या बाजूने घासत गेली. बाबांना खरचटलंही नाही. क्लीनर साइडला दादा बसला होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी पोलिसांकडून सुटली तेव्हा ती माझ्याच दुकानात आणली. डावं दार उचकटून वेगळं झालं होतं, ते मी भिंतीला उलटं टेकवून ठेवलं. दीड महिन्याने दादा कुबड्यांवर आला, बाबा सोबत होते. स्टूल दिलं तरी दादा बसला नाही. तो त्या दारासमोर उभा राहिला. उलटं ठेवल्यामुळे खालची कड वर आली होती आणि त्यावर माझे ठिपके ओळीने दिसत होते. पहिला जवळजवळ पांढरा, शेवटचा चांगलाच पिवळट.

दादा रंगारी नाही, पण माझी पद्धत त्याला ठाऊक होती. कुबडीच्या टोकाने त्याने एकेक ठिपका मोजला.

"सात," तो म्हणाला. "सात वेळा तू लपवलंस. आन मी रोज त्याच बाजूनं बसून राहिलो."

बाबा पुढे झाले. वाकले, दाराच्या कडेवर बोट फिरवलं, मान उजवीकडे वळवून पाहिलं, मग डावीकडे.

"कोठी हायेत सात?" ते म्हणाले. "मले तं सारं एकच पांढरं दिसून राहिलं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. बाबा अजून दारावर बोटाने ठिपके शोधत होते.