एकट्याचा अल्बम

दादाच्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर त्याचा एकट्याचा फोटो येणार, हे मला पहिल्यापासून खटकत होतं. आमचे वडील पत्रकं छापून वाटायचे. त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्या पत्रकांत ‘आम्ही’ असायचं, ‘मी’ कधीच नाही. दादा मात्र हिंजवडीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि सुट्टीच्या दिवशी गिटारवर मराठी गाणी बांधायचा. एका कॅसेट कंपनीने ती काढायचं कबूल केलं होतं.

शेवटच्या गाण्याला त्याला कोरस हवा होता, आमच्या विहारातल्या महिला मंडळाचा. मंडळात आई होती. जयंतीच्या कितीतरी कार्यक्रमांत ती गायनपार्टीच्या मागे उभी राहून गायली, पण तिचा आवाज कुठेच रेकॉर्ड झालेला नव्हता.

बिबवेवाडीतल्या एका स्टुडिओत आई आणि मंडळातल्या तिघी मावश्या काचेच्या आत उभ्या राहिल्या, इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या नेसून. काचेच्या बाहेर खांद्यावर पत्रकांची पिशवी अडकवलेली मी, दादा, रेकॉर्डिंगवाला आणि कंपनीचा माणूस. हेडफोनमध्ये मशीनची टिकटिक वाजत होती, तिच्या ठेक्यात गायचं होतं. पहिलं कडवं जमलं. दुसऱ्या कडव्यात चौघी टिकटिकीच्या पुढे निघून गेल्या. परत घेतलं, परत पुढे. कार्यक्रमात गाणं चढत जातं, समोरचे लोक टाळ्यांनी ते पळवतात. शेवटपर्यंत एकाच लयीत चाललेलं गाणं त्यांना माहीतच नव्हतं.

रेकॉर्डिंगवाल्याने बटण दाबलं. “मावशी, कुठली गाडी पकडायचीय का?”

“गाडी आमचीच हाय,” आतून आई म्हणाली. “तुम्ही बसा मागं.”

मावश्या खळखळून हसल्या. कंपनीचा माणूस हसला नाही. “आपली वेळ संपत आलीय. यांना घरी जाऊ द्या. मुंबईत माझ्याकडे दोन मुली आहेत, एका झटक्यात गातील.”

मला राहवेना. “गाणं वस्तीचं आणि आवाज भाड्याचे?”

“ताई, पत्रकं बाहेर वाटा,” तो माणूस म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दादाला म्हटलं, “आईला जा म्हणायचंय ना? मग तूच सांग. मी सांगणार नाही.”

दादा उठला. जाड दार ढकलून आत गेला. आतला माईक चालू होता, त्यामुळे शब्द न् शब्द बाहेर ऐकू येत होता.

“आई, ठेका सुटतोय गं.”

“कळतंय मला.” आईने हेडफोन काढून हातात धरला. “हे आमच्या मागं येत नाही का रे?”

“मशीन आहे ते. कुणाच्या मागे जात नाही.”

“आणि तू?”

दादाने काचेतून आमच्याकडे पाहिलं. कंपनीचा माणूस नकाराची मान हलवत होता. मला वाटलं, संपलं आता.

“टिकटिक बंद करा,” तो म्हणाला.

रेकॉर्डिंगवाल्याने बटण दाबलं. “अहो, सगळे ड्रम तिच्यावर बसवलेत!”

“मग ड्रमपण बंद करा.”

दादाने आत कोपऱ्यात ठेवलेली गिटार उचलली आणि मावश्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

कॅसेट आली. कव्हरवर तो एकटाच आहे. त्यावरून माझं त्याच्याशी अजून भांडण आहे. ते गाणं कंपनीने दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी टाकलं. त्यात ड्रम नाहीत. शेवटच्या कडव्यात चौघींचे आवाज सुसाट पुढे जातात, गिटार एका ठिकाणी अडखळते, आणि मग धावत त्यांना गाठते.